वाजवून बघा: प्रवरेची माती, भट्टीची आग आणि जेवणाची वाटी

आजचा भाग कोडिंगवर नाही, करिअरवर पण नाही. आज मातीवर बोलायचंय.

ज्यांनी आजच प्ले बटण दाबलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी बीटेक, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, गाव संगमनेरकडचं. गेलं दीड वर्ष शनिवार-रविवार सिरॅमिक शिकतोय. वाट्या, बश्या, कप, म्हणजे रोज जेवायला वापरता येतील अशी भांडी. स्टोरीला चाकाचा व्हिडिओ टाकला की इनबॉक्समध्ये ठरलेले प्रश्न येतात. ‘दादा, चाक कितीला मिळतं?’ ‘सेंटरिंग जमायला किती दिवस लागतात?’ चांगले प्रश्न आहेत. पण भट्टीबद्दल कोणी विचारत नाही. आणि माझं मत असं झालंय की वाटी चाकावर अर्धीच होते. ती भांडं होते आगीत. आणि त्या भांड्यात कुणाला जेवायला वाढायचं असेल, तर ते नीट भाजलंय की नाही हे तपासणं हीसुद्धा शिकणाऱ्याचीच जबाबदारी आहे. आजचा भाग त्याबद्दल.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण बोलताना आपण अजून ‘नगर’च म्हणतो. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या, आणि सापडली खापरं. लालसर-केशरी पृष्ठभाग, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी. पुढे अशीच खापरं महाराष्ट्रात अनेक ठिकाणी निघाली आणि त्या सगळ्या संस्कृतीला नाव मिळालं ‘जोर्वे संस्कृती’. काळ साधारण इसवी सनापूर्वी १४०० ते ७००. म्हणजे जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आपल्या एका तालुक्यातलं गाव भांड्यांमुळे पोचलंय.

नदी धरून खाली चला. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद, त्याच्या पुढे नेवासे. दोन्हीकडे तीच भांडी. त्यांचे आकार बघितले तर लक्षात येतं की हे आजच्या भाषेत टेबलवेअर आहे. मधोमध स्पष्ट कंगोरा असलेल्या वाट्या. लांब तोटीची भांडी. ही तोटी वेगळी करून मग अंगाला जोडलेली असते. ज्यानं एकदा तरी कपाला कान चिकटवलाय त्याला यातली गोम कळेल. दोन्ही भागांची ओल सारखी नसेल तर वाळताना सांधा उकलतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं उत्खनन चाललं. तिथे तर त्या काळातली कुंभाराची गोल भट्टीसुद्धा मिळाली.

जोर्वे भांड्यांच्या वर्णनात एक गोष्ट हमखास येते. चांगल्या भाजलेल्या भांड्यावर टिचकी मारली की धातूसारखा टणत्कार येतो. हा टणत्कार लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता माती. आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. पाणी पडलं की फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेताला मे महिन्यात पडणाऱ्या भेगा तुम्ही बघितल्यात, वाटीलाही तशाच पडतात. म्हणून कुंभार नुसती काळी माती वापरत नाही. नदीचा, तळ्याचा गाळ घेतो, त्यात राख किंवा घोड्याची लीद मिसळतो. लीदीतले तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात, आणि आगीत जळून गेल्यावर बारीक छिद्रं सोडतात. त्यामुळे वाफेला वाट मिळते.

दुसरी भानगड चुनखडीची. आपल्या मातीत पांढरे खडे असतात. त्यातला एखादा वाटाण्याएवढा खडा भांड्यात राहिला तर भाजताना त्याचा कळीचा चुना होतो. भांडं भट्टीतून अगदी छान बाहेर येतं. मग तो चुना हवेतलं बाष्प पितो, फुगतो, आणि काही दिवसांनी भांड्याचा टवका उडवतो. आम्हा इंजिनिअर लोकांना ही जात ओळखीची आहे. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं, आणि प्रॉडक्शनला गेल्यावर फुटतं. उपाय साधाच आहे. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळायची. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. माठ आणि वाटी यांत फरक काय?

माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. बाहेर आलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणजे छिद्रं हा माठाचा गुण आहे. पण त्याच छिद्रांच्या वाटीत आमटी वाढली तर तेल, मसाला, पाणी सगळं भिंतीत मुरणार. धुतलं तरी आत राहणार, वास मारणार. तंदूर चहाचा कुल्हड आपण एकदा पिऊन टाकून देतो, कारण तो तेवढ्यासाठीच भाजलेला असतो. रोजच्या वाटीचं तसं नाही. तिला आज वरण, उद्या ताक, परवा लिंबाचं लोणचं.

उघड्या आव्यात साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सियस मिळतात. माठाला तेवढं पुरतं. स्टोनवेअर म्हणजे दगडासारखं भांडं हवं असेल तर १२०० ते १३०० अंशांपर्यंत जावं लागतं. तिथे मातीतला काही भाग वितळून काच होते आणि छिद्रं बुजतात. आजीची लोणच्याची बरणी आठवा, वर तपकिरी, खाली पांढरट. मीठ, तेल, आंबट फोडी वर्षभर पोटात ठेवून ती ढिम्म असते, कारण तिची मातीच आतून बंद झालेली असते. बाहेरची चकाकी ही त्याच्या वरची गोष्ट.

मग आपली लाल माती घेऊन सरळ १२२० अंशांवर न्यावी का? नाही. तिच्यात लोह भरपूर असतं, ती त्याच्या बऱ्याच आधी फुगते, वाकते, शेल्फवर वितळून बसते. त्यामुळे मी वाटीसाठी स्टोनवेअरची विकतची माती वापरतो, आणि गावाकडची माती ग्लेझमध्ये घालतो. तिला वितळायला मदत करणारा एखादा पदार्थ जोडला की त्या तापमानाला तिचा गडद तपकिरी काचेचा लेप होतो. आपल्याकडे उसाचा पट्टा, म्हणून बरेच जण विचारतात की चिपाडाची राख चालेल का. चालते, पण तिच्यात मुख्यतः सिलिका असते, ती काच बनवते, वितळवत नाही. वितळवायला लाकडाची राख जास्त उपयोगी, कारण तिच्यात चुना आणि पोटॅश असतं.

आता भट्टी आतून कशी चालते ते बघू. आम्ही दोनदा भाजतो. पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, साधारण ९५० अंशांपर्यंत. शंभर अंशांच्या आसपास घाई करायची नाही. उरलेल्या पाण्याची वाफ झाली की ती हजारपटीहून जास्त जागा मागते, आणि वाट मिळाली नाही तर भांडं फोडून बाहेर येते. पुढे ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीच्या रेणूतच बांधलेलं पाणी सुटतं. शुद्ध केओलिनमध्ये ते वजनाच्या जवळपास १४ टक्के असतं. इथून मागे फिरणं नाही. याआधी भांडं पाण्यात टाकलं तर परत चिखल होतो, यानंतर होत नाही. ५७३ अंशांवर मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो, आणि थंड होताना त्याच ठिकाणी तेवढाच आकसतो. म्हणून भट्टीचं दार घाईनं उघडायचं नाही. उत्सुकतेपोटी गरम भट्टी उघडली की ‘टिंग’ असा आवाज येतो, आणि ती वाटी गेलेली असते.

मग ग्लेझ लावून दुसरी भाजणी. ओल्या अवस्थेपासून इथपर्यंत भांडं १० ते १३ टक्के आकसतं. शंभर मिलिमीटरचा कप हवा तर चाकावर साधारण ११४ चा करायचा.

इथे मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे शंकू. भट्टीवर डिजिटल आकडा असतोच. तरीही शेल्फवर ठरावीक मिश्रणाचे छोटे शंकू ठेवतात. पुरेशी उष्णता मिळाली की शंकू वाकतो. नुसतं तापमान नाही, किती वेळ किती तापमान, हे दोन्ही मिळून तो सांगतो. हळू तापवलं तर तोच शंकू कमी तापमानाला वाकतो, भराभर तापवलं तर जास्त. आणि एकाच भट्टीत वरच्या आणि खालच्या कप्प्यात फरक निघतो. स्क्रीनवर १२२० दिसतंय म्हणून प्रत्येक वाटीला तेवढं मिळालंय असं नसतं. म्हणून मी दर भाजणीची नोंद ठेवतो. कुठल्या कप्प्यात काय होतं, शंकू किती वाकला, किती तासांत वर गेलो, किती तासांत खाली आलो.

आता ज्यासाठी हा भाग केला ते. मागच्या वर्षी आईसाठी ऑनलाइन एक हाताने केलेली हिरवी वाटी मागवली. विक्रेत्याचं नाव घेत नाही. पानावर ‘फूड सेफ’ लिहिलेलं होतं. आईनं त्यात लिंबाची फोड ठेवली. सकाळी फोडीखालचा हिरवा रंग फिकट झाला होता, गोल डाग. याचा अर्थ काय? आंबटानं ग्लेझमधलं काहीतरी काढून घेतलं. हिरवा रंग बहुतेक वेळा तांब्याचा असतो. कमी तापमानाच्या काही चकचकीत ग्लेझमध्ये शिसं असतं, काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सगळ्यात जास्त. आपलं जेवण बघा ना. ताक, चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो. आंबट नसलेलं ताट शोधावं लागेल.

म्हणून माझी वाटी कुणाच्या हातात द्यायच्या आधी चार गोष्टी करतो. एक, साहित्य. शिसं आणि कॅडमियम असलेला कुठलाच पदार्थ घरात आणत नाही, पाकिटावर घटक लिहिलेले नसतील तर घेत नाही. दोन, पाणी. त्याच मातीचा बिनग्लेझचा तुकडा त्याच भाजणीत ठेवतो. कोरडा वजन करतो, काही तास उकळतो, रात्रभर त्याच पाण्यात ठेवतो, पुसून परत वजन. ३०० ग्रॅमचा ३०६ झाला तर २ टक्के पाणी प्यायला. त्याच्या वर गेला तर ती भाजणी जेवणासाठी नाही, त्यात पेन ठेवा, मनी प्लँट लावा. तीन, लिंबू. फोड रात्रभर ठेवायची, सकाळी रंग किंवा चकाकी बदलली तर बाद. पण हे नीट ऐका, रंग बदलला नाही म्हणजे शिसं नाही असं सिद्ध होत नाही. विकायचं असेल तर चौथी गोष्ट, प्रयोगशाळा. तिथे ४ टक्के ॲसिटिक ॲसिड भांड्यात २४ तास ठेवून त्यात काय उतरलं ते मोजतात. घरच्या लिंबावर ‘फूड सेफ’ लिहायचा अधिकार मिळत नाही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आमच्याकडच्या एका जुन्या कुंभारबाबांना माझ्या दोन वाट्या दाखवल्या. त्यांनी रंग बघितलाच नाही. वाटी तळहातावर ठेवली आणि बोटानं टिचकी मारली. एक वाजली, दुसरी जरा बद्द.

‘ही कुठं व्हती?’ 

‘बाबा, खालच्या कप्प्यात.’ 

‘मंग तिथं आग कमी पडती तुझी.’ 

वहीत बघितलं. खालच्या कप्प्यातला शंकू खरंच कमी वाकलेला. पाण्याच्या चाचणीनं जे रात्रभरानं सांगितलं असतं ते त्यांनी दोन सेकंदात सांगितलं. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते त्यांनी पारखलं, आणि नामदेव कच्चे निघाले. गोष्टीचा अर्थ अध्यात्मातला आहे, पण पद्धत अगदी खऱ्या कामातली आहे. भेग असेल, भाजणी कमी असेल, तर भांडं वाजत नाही.

बाबांचा मुलगा या धंद्यात नाही. माठ उन्हाळ्यात जातात, पणत्या दिवाळीत, मधले महिने रिकामे. बाबांनी मला विचारलं, ‘तुझी ही वाटी कितीला जाती?’ मी पुण्यातल्या प्रदर्शनातला भाव सांगितला. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. माती त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते. कमी आहे ती जास्त तापमानाची भट्टी, ग्लेझची माहिती आणि गिऱ्हाईक. हे तिन्ही शिकता-शिकवता येण्यासारखं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघानं हेच काम केलंय. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी या नावांपासून शोध सुरू करा. आणि त्याआधी आपल्या गावातल्या कुंभारवाड्यात एक चक्कर मारा. जाताना विकत काहीतरी घ्या, फुकटचा क्लास मागू नका.

पुण्यात असाल तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे भांडी बघून या. काचेआड असतात, टिचकी मारता येत नाही, पण भिंतीची जाडी बघा, तोटीचा सांधा बघा. शंकू नाही, थर्मामीटर नाही, आणि भाजणी अशी की तीन हजार वर्षं जमिनीत राहून पक्की.

तर आजचा गृहपाठ. घरातले सगळे सिरॅमिकचे कप, बश्या, वाट्या रिकाम्या करून तळहातावर ठेवा आणि हलकी टिचकी मारा. बद्द वाजलेल्यावर बारीक भेग आहे का ते उजेडात बघा. हाताने केलेलं, कुठून आलंय माहीत नसलेलं रंगीत भांडं असेल तर त्यात आंबट ठेवू नका. आणि काय आढळलं ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, आवाजासकट. पुढच्या भागात त्यातले निवडक ऐकवतो. भेटू!