घरचा केर आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सभेत बोलण्याची मला सवय नाही. परंतु घरचा केर रोज माझ्याच हातून निघतो, तेव्हा त्याविषयी चार शब्द सांगते.

आपल्या आयांच्या वेळी केराची एवढी काळजी नव्हती. जुन्या लुगड्यांच्या वाकळा होत, खरकटे म्हशीला जाई, राख भांड्यांना लागे, उरलेले उकिरड्यात कुजून शेतात जाई. आता गोठे कमी झाले आणि प्रत्येक जिन्नस प्लॅस्टिकात येतो.

सरकारने याचा विचार केला आहे. 2016 च्या नियमांनी घरातच केराचे तीन भाग करावयास सांगितले होते. 2026 च्या नव्या नियमांत चार भाग आहेत: ओला, सुका, पॅड व डायपर यांचा, आणि जुनी औषधे, सेल, बल्ब, रंगाचे डबे यांचा. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीही आली. योजना चांगली आहे. पण ती पार पडावयाची आपल्या स्वयंपाकघरात.

माझीच चूक सांगते. एका पावसाळ्यात माझ्या हातून बरणी फुटली. घाईत मी काचा भाजीच्या देठांत टाकल्या. घंटागाडीवरच्या बाईने केर निवडताना हात घातला आणि तो कापला. ती रागावली नाही. "काकी, काच तेवढी येगळी बांधत जावा," एवढेच म्हणाली. पुढे कित्येक दिवस ती हाताला चिंधी बांधून येत होती. मला तिच्याकडे बघवेना. तेव्हापासून मी काच जाड कागदात बांधून वेगळी देते. पॅडही कागदात गुंडाळून वर तांबडी खूण करते.

पुण्यात केर वेचणाऱ्या बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. त्या दारोदार केर घेतात आणि कागद, बाटल्या निवडून विकतात. आपण आमटीत भिजविलेला कागद मात्र कोणी घेत नाही. म्हणजे आपल्या आळसाने कुणाची तरी मजुरी बुडते.

ओल्या केराचे खत घरीच होते. आपल्याकडे पाऊस फार, खड्ड्यात पाणी भरते. म्हणून मी भोके पाडलेली जुनी बादली वळचणीच्या आत, कोरड्या जागी ठेवते. देठे-सालींचा एक थर, सुक्या पाल्याचा एक थर, वर थोडे शेण. अधूनमधून हलवावे. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून पाला वाढवावा.

आता थोडे कडू बोलते. संक्रांतीला आपण प्लॅस्टिकच्या डब्या वाण म्हणून लुटतो. त्यांतल्या कित्येक महिनाभरात केरात जातात. यंदा मंडळाने कापडी पिशवी किंवा मूठभर बियाणे द्यावे.

आणखी एक. आपण वेगळा दिलेला केर गाडीत पुन्हा एक होऊ नये, हे आपण सर्वजणींनी मिळून नगरपरिषदेला सांगावे. एकटीचे कोणी ऐकत नाही, मंडळाचे ऐकतील. मात्र आधी आपली बादली नीट असावी, मगच दुसऱ्याला बोलावे.