गाडी मोडली त्यानंतरचे दिवस
(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चारचौघींत बोलण्याचा प्रसंग मला कधी आला नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही कोर्टकचेरी कशी निभावलीत तेवढेच सांगा, निम्म्या बायकांच्या घरी गाडी आहे." तेव्हा सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

आमची गाडी तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची होती. माथ्यावर चांदवडच्या रेणुकामातेचे चित्र आणि खाली मामंजींनी रंगवून घेतलेले नाव. टाटाची सहाचाकी. मामंजींनी 1995 साली पतसंस्थेचे कर्ज काढून घेतली. 1998 साली मी लग्न होऊन आले, ती वरातही तिच्यातूनच आली. लासलगावचा कांदा भरून रात्री निघायचे, पहाटे वाशीच्या बाजारात उतरवायचा, असा तिचा वीस-बावीस वर्षांचा नेम. दोन नणंदांची लग्ने, घराचा स्लॅब, माझ्या मुलांच्या फिया, सगळे तिच्याच जिवावर झाले. दसऱ्याला आधी तिची पूजा, मग घरातली. मामंजी 2009 साली वारले तेव्हा गाडी सासूबाईंच्या नावे करून घेतली. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग झाला.

2018 सालचा फेब्रुवारी. रांगड्या कांद्याचे दिवस. पहाटे पावणेपाचला फोन वाजला. कसारा घाट उतरताना मागून येणाऱ्या टँकरचे ब्रेक लागले नाहीत आणि त्याने आमच्या गाडीला पाठीमागून धडक दिली. गाडी कठड्यावर आपटून आडवी झाली. आमच्या ह्यांचा पाय मोडला होता. क्लीनर म्हणजे आपल्या गल्लीतलाच पोरगा, त्याचा उजवा हात दाराखाली सापडला होता. फोन करणारा एक अनोळखी टेंपोवाला. त्यानेच दोघांना बाहेर काढले आणि 108 ला कळवले. गाडी यायला वेळ लागेलसे वाटले म्हणून पोराला स्वतःच्या टेंपोत घालून इगतपुरीला नेले. त्या भल्या माणसाला धास्ती एकच, "ताई, मला कोर्टात तर ओढणार नाहीत ना?" तेव्हा मला उत्तर माहीत नव्हते. आज सांगते. अपघातात मदत करणाराला त्रास देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली बजावले आणि 2019 साली ते मोटार वाहन कायद्यातच घातले. नाव सांगण्याचीही त्याला सक्ती नाही. आपल्या माणसांना हे जरूर सांगावे, कारण भीतीपोटी माणसे बघून पुढे जातात.

मी दिरांना उठवले आणि ट्रंकेतली कागदांची पिशवी काढली. सासूबाई म्हणाल्या, "आधी पोराकडे बघ, कागद कसले घेतेस?" त्यांचेही खरेच होते. पण गाडीचे पुस्तक, विम्याचा कागद, फिटनेस, परमिट आणि लायसन्स यांची मागणी त्याच दिवशी दुपारी पोलिसांनी केली. पिशवी हाताशी नसती तर दिरांना परत दीडशे किलोमीटरचा हेलपाटा पडला असता.

इस्पितळात एक गोष्ट मी पाहिली, ती तुम्हीही पाहावी. केसपेपरावर "रस्ता अपघात" असे लिहिले आहे की नाही. पोराच्या कागदावर नुसते "हाताला मार" एवढेच होते. मी डॉक्टरांना विनंती केली, त्यांनी लगेच दुरुस्त करून पोलिसांकडे नोंद पाठवली. पुढे त्या एका ओळीवर त्याचा दावा उभा राहिला.

मग घाटात गेले. गाडी आडवी पडलेली, केबिन चेपलेली, रेणुकामातेचे चित्र असलेला पत्रा दगडांत. कांदा रस्ताभर. जवळच्या पाड्यावरची माणसे जमली होती. काहींनी कांदा नेला, खोटे कशाला बोलू, पण चार बायका गोण्या भरून त्यांवर राखण बसल्या होत्या आणि त्यांनी मला चहा आणून दिला. नऊ टनांतल्या साठ-सत्तर गोण्या वाचल्या. व्यापाऱ्याने राहिलेल्या मालाचे पैसे मागितले. माल पोचवण्याची जबाबदारी गाडीवाल्याची, तेव्हा त्याचे मागणे गैर म्हणता येत नाही. शेवटी निम्म्यावर मिटले आणि ते आम्ही वर्षभर हप्त्याने फेडले.

टेंपोवाल्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. टँकरचा नंबर, चाकांच्या खुणा, आमच्या गाडीची मागची बाजू. क्रेनने गाड्या बाजूला ओढल्यावर यातले काहीच दिसत नाही. पंचनामा झाला, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गेली, तेथे मोटार वाहन निरीक्षकांनी ब्रेक वगैरे तपासून अहवाल दिला. आमच्या गाडीचे ब्रेक ठीक होते असे त्यात आले. ही दर वर्षी फिटनेसआधी ब्रेकचे काम करून घेत, त्यावरून मी कितीदा कुरकुरले असेन!

आता विम्याचे. आमच्या गाडीचा विमा होता, पण तो दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे ज्याला थर्ड पार्टी म्हणतात तो. तेवढा कायद्याने घ्यावाच लागतो. इतक्या जुन्या गाडीचा पुरा विमा कंपन्या सहसा उतरत नाहीत. तेव्हा आपल्या विम्यातून गाडीचा एक रुपया येणार नव्हता. सगळे म्हणाले, आता बुडाले. पण ज्या टँकरने धडक दिली त्याच्याही विम्यात "दुसऱ्याचे नुकसान" असतेच, आणि त्या कागदात तो दुसरा म्हणजे आपण! मोडलेल्या माणसाबद्दल जसा दावा करता येतो तसा मोडलेल्या गाडीबद्दलही मोटार अपघात दाव्यांच्या कोर्टात करता येतो. अपघात झाला तेथेच जावे लागते असेही नाही, आपण राहतो त्या भागातल्या कोर्टात चालते.

वकिलाच्या फीची मला धास्ती होती. तेव्हा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची पाटी दिसली. भगिनींनो, हे नीट ऐका. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. गाडी सासूबाईंच्या नावे, म्हणून गाडीचा दावा त्यांच्या नावाने आणि वकील फुकट. ह्यांचा आणि क्लीनर पोराचा दावा वेगवेगळा, ज्याचा त्याने करायचा. एक मुदतीचे सांगते. आमच्या वेळी ती नव्हती. 1 एप्रिल 2022 पासून अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा असे कलम लागू झाले आहे. त्याविरुद्ध अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तरी आपण त्या वादाच्या भरवशावर राहू नये.

पण खरी पंचाईत घरात झाली. ह्यांना बिछान्यावरून उठता येत नव्हते आणि तोंडी एकच, "चासी सरळ करून घेऊ, इंजिन शाबूत आहे." सासूबाईंचेही तेच. "त्यांच्या हाताची गाडी, भंगारात घालायची नाही." मी गॅरेजवाल्याकडून लेखी अंदाज घेतला, साडेतीन लाख. सर्व्हेअरने अपघाताआधीची गाडीची किंमत धरली अडीच लाख. चासी वाकलेली, म्हणजे सरळ करूनही घाटात भरवसा नाही. मी दोन्ही कागद ह्यांच्या उशाशी ठेवले आणि बोलले नाही. चार दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. पाचव्या दिवशी ह्यांनी विचारले, "तुला काय वाटतं?" मी म्हटले, "उद्या आपला मुलगा चालवायला बसला तर तुम्ही त्याला ह्या चासीवर पाठवाल का?" त्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी म्हणाले, "देऊन टाक."

सासूबाईंना मी पोलीस ठाण्यात घेऊन गेले. त्यांनी चेपलेल्या बॉनेटला हळदकुंकू लावले, ओटी भरली आणि गाडीला प्रदक्षिणा घातली. पोलीस शिपाई टोपी काढून उभा राहिला. मी त्या वेळी रडले नाही, घरी येऊन भाकरी थापताना रडू आले.

भंगारवाल्याला देण्यातही रीत आहे. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, आर.टी.ओ.ला कळवून पुस्तक रद्द करून घ्यायचे असते. आम्ही पोलिसांची ना-हरकत घेऊन, चासी नंबरचा तुकडा कापून तोही आर.टी.ओ.त जमा केला. नाहीतर आपल्या नंबरावर दुसरीच गाडी फिरते आणि नोटिसा आपल्या दारी येतात. 2021 च्या नियमांनी आता सरकारमान्य मोडणी केंद्रे झाली आहेत, तेथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. आम्हाला भंगाराचे एक लाख पाच हजार आले. ते अडीच लाखांतून वजा करूनच दावा मागावा लागतो, हेही वकीलबाईंनी समजावले.

2021 साली प्रकरण लोकअदालतीत गेले. साहेबांनी सासूबाईंना विचारले, "आजी, किती मिळाले तर समाधान होईल?" ह्या म्हणाल्या, "गाडी परत देता आली तर पैसे नकोत. नाहीतर सून सांगेल तेवढे." सगळे हसले, पण मला खाली बघावे लागले. मी एक लाख वीस हजारांवर होय म्हटले. पंचवीस हजार सोडले असे कोणी म्हणेल. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणजे विमा कंपनीलाही पुढे ओढता येत नाही, आणि पैसे तेव्हा हवे होते. पोराचा दावा मात्र मी मिटवू दिला नाही. त्याची दोन बोटे कायमची वाकत नाहीत, कमी रकमेवर सही कर असे त्याला सांगणारे पुष्कळ होते. त्याचा निकाल पुढल्या वर्षी लागला, आणि लोकअदालतीत देऊ केले होते त्याच्या दुपटीहून जास्त मिळाले. आज तो बाजारात वजनकाट्यावर बसतो.

आम्ही 2022 साली पिकअप घेतली, पुऱ्या विम्यासकट. सासूबाई अजून तिला "ती नवीन" म्हणतात, नाव काही घालू देत नाहीत.

माझी फाइल मी जपून ठेवली आहे, अर्जाचे नमुने आणि यादीसकट. कोणाला नक्कल हवी असेल तर दुपारी दोननंतर मी घरीच असते.