ऑनर्सच्या विद्यार्थ्याचा सल्लागार

हुशार विद्यार्थ्यास सल्ल्याची गरज ती काय, असा प्रश्न सहज मनांत येतो. वस्तुतः त्यासच ती अधिक असते. कारण त्याच्यापुढें अनेक वाटा मोकळ्या असतात आणि प्रत्येक वाटेवर त्याची स्तुतीच होत असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षीं संशोधन घेतां येतें.

सल्लागाराचें पहिलें काम हा हिशेब उलगडून दाखविण्याचें. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचें, ऑनर्सनंतर तें एका वर्षाचें असूं शकतें. म्हणजे मुक्काम पांचव्या वर्षींच. ज्या घरीं मिळवत्या हाताची वाट पाहिली जाते, तेथील मुलानें तिसऱ्या वर्षीं थांबणें ही माघार नव्हे, हें त्यास कोणीतरी सांगितलें पाहिजे.

दुसरें काम अधिक नाजूक. गुणांवरून जिज्ञासा सिद्ध होत नाहीं. "संशोधनास कोणता विषय घेऊं?" असें एखादी मुलगी विचारते, तेव्हां विषय सुचविण्याऐवजीं, "परीक्षेंत नसतांहि तूं काय वाचतेस?" असें विचारावें आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसावें. उत्तर आलें नाहीं, तर तें मौनहि पुष्कळ सांगून जातें.

निर्णय अखेर विद्यार्थ्याचा. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या हौशी सल्लागारानें, आणि आईबापांनींहि, त्याच्या खांद्यावर लादूं नयेत.