चुलीजवळचा धर्म

धर्माची गोष्ट निघाली म्हणजे सामान्यतः सणावारांची, मंदिरांची आणि ग्रंथांची आठवण होते. ख्रिस्ती धर्माविषयी बोलतानाही नाताळची रोषणाई, उत्तम शुक्रवारची गंभीर उपासना आणि रविवारच्या सकाळी वाजणारी घंटा हीच प्रथम डोळ्यांपुढे येतात. परंतु वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत सणाचे दिवस ते किती? उरलेल्या दिवशी दळण आणावयाचे असते, वाण्याची उधारी भागवावयाची असते, आजाऱ्याच्या उशाशी बसावयाचे असते, शेजाऱ्याचा कडू शब्द गिळावयाचा असतो. अशा वारी श्रद्धा कोठे राहते, हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या अनुयायाला कधी ना कधी स्वतःस विचारावा लागतो. ख्रिस्ती माणसाला तो अधिकच बिकट वाटावा. कारण येशूने डोंगरावरील प्रवचनात जे मागितले, ते जवळजवळ सगळे रोजच्या व्यवहारातले आहे. वैऱ्यावर प्रेम करावे, दिलेल्या दानाचा डांगोरा पिटू नये, उद्याची चिंता आज वाहू नये, भावाशी वितुष्ट असेल तर आधी ते मिटवावे आणि मग वेदीपाशी यावे. ही आज्ञापत्रे पाळण्याची जागा घरात, बाजारात आणि पाणवठ्यावरच आहे.

ख्रिस्ती परंपरेत हे फार पूर्वी ओळखले गेले आहे. सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेल संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. तरुणपणी तो सैनिक होता, पुढे एका पायाने अधू झाला. मठात त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि त्या कामाची त्याला मुळीच आवड नव्हती. तरीही भांड्यांच्या खणखणाटात आपल्याला देवाचे सान्निध्य प्रार्थनेच्या वेळेइतकेच लाभते, असे तो सांगे. १६९१ मध्ये तो वारला. त्याच्या पत्रांचे व संभाषणांचे लहानसे पुस्तक आजही जगभर वाचले जाते. मराठी माणसाला यात परके असे काही वाटू नये. मळ्यात राबणाऱ्या सावता माळ्याने आणि जात्यावर बसलेल्या जनाबाईने हीच वाट कितीतरी आधी चोखाळली होती.

महाराष्ट्रापुरता विचार केला, तर या नित्याच्या धर्माचे सर्वांत बोलके उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या संसारात सापडते. टिळकांचे कवित्व सर्वश्रुत आहे. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात. परंतु श्रद्धा चुलीजवळ कशी उतरते हे पाहावयाचे असेल, तर लक्ष्मीबाईंकडेच वळावे लागते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेर गोखल्यांचे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली होती. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे जणू वेड शिरले. बाहेरून घरात आलेली वस्तू धुतल्यावाचून स्वीकारावयाची नाही, हा त्यांचा दंडक. धान्य तर झालेच, पण मीठसुद्धा धुतले जाई. या विटाळाच्या धाकाने त्या घरातील बायकामुलांचे जिणे किती अवघड झाले होते, हे लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त लिहिले आहे. ते वाचताना हसू येते, आणि हसता हसता मन उदास होते. १८८० साली अकरा-बारा वर्षांची ही मुलगी टिळकांच्या घरी आली, तेव्हा तिच्याबरोबर हा सारा संस्कारही आला.

१८९३ साली राजनांदगावकडे आगगाडीने जात असता टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्याने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक भारावले. पुढे बराच मनःसंघर्ष झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची विद्वत्ता, त्यांचे चिंतन, त्यांची काव्यशक्ती ही सारी त्या निर्णयामागे उभी होती. पत्नीच्या मागे मात्र यांपैकी काहीच नव्हते. तिला ही बातमी दूरवर नातलगांमध्ये कळली. पदरी दत्तू हा लहानगा मुलगा. नवरा जिवंत असून संसार मोडला, सौभाग्य असून घर नाही, अशी तिची स्थिती झाली. पंढरपुरात नातलगांच्या आश्रयाने तिने या वियोगातील बराच काळ काढला.

येथे एका कायद्याची आठवण करणे उचित होईल. एतद्देशीय ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार धर्मांतराच्या कारणाने सहवास नाकारीत असेल, तर त्या व्यक्तीस न्यायालयाकडून पूर्वीचा विवाह रद्द करून घेता यावा, अशी तरतूद १८६६ च्या एका अधिनियमाने केलेली होती. टिळकांना हा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी धरला नाही. पत्रे लिहीत, विनवण्या करीत ते वाट पाहत राहिले. कायद्याने दिलेली सुटका न स्वीकारणे हेही श्रद्धेचे आचरणच होय. प्रेमात बळजबरी बसत नाही हे प्रवचनात सांगणे सोपे. चार-साडेचार वर्षे रिकाम्या घरात राहून ते पाळणे कठीण.

अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला पतीकडे आल्या. आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपल्या सोवळ्यासह. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी त्यासाठी लागणारी व्यवस्था निमूटपणे करून दिली. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी त्याच्याच पत्नीने त्याच्या स्पर्शापासून पाण्याची घागर जपावी, हा प्रकार त्यांच्या नव्या समाजातही टीकेचा विषय झाला असल्यास नवल नाही. पण टिळकांनी पत्नीची श्रद्धा घाईने पिकवू पाहिली नाही. स्वतःला जे स्वातंत्र्य त्यांनी घेतले होते, तेच त्यांनी तिला दिले.

आणि मग जे घडले, ते फार विचार करण्याजोगे आहे. लक्ष्मीबाईंनी प्रथम धर्म बदलला नाही. प्रथम त्यांनी जात सोडली. त्यांचा युक्तिवाद पुस्तकी नव्हता. देवाने पशू, पक्षी, माणूस हे भेद डोळ्यांना दिसतील असे केले. स्त्री आणि पुरुष हाही भेद केला. मग ब्राह्मण आणि शूद्र हा भेद त्यानेच केला असता, तर त्याची खूण शरीरावर ठेवली असती. ती नाही, त्या अर्थी हा भेद माणसाचा आहे. इतके मनाशी ठरल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने पाण्याचा तांब्या कोणाकडूनही घ्यावयाचा, यात केवढे अंतर तोडावे लागले असेल! मनाने मानलेले तत्त्व हाताला, जिभेला, पोटाला मान्य व्हावयास काळ लागतो. बुद्धीचा निर्णय एका रात्रीत होतो. घशाचा निर्णय रोजच्या रोज करावा लागतो. लक्ष्मीबाईंनी तो केला, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

या क्रमाचे महत्त्व त्या काळच्या ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात अधिक कळते. नगर जिल्ह्यातील नवख्रिस्ती मंडळींपैकी फार मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेला होता. उच्च मानलेल्या जातींतून आलेले अगदी थोडे. नाव बदलले, प्रार्थना बदलली, तरी मनातले पाणवठे लगेच एक होत नाहीत. हिंदुस्थानातील ख्रिस्ती मंडळ्यांना जातिभेदाने किती छळले आहे, हे त्यांच्या स्वतःच्या इतिहासात नमूद आहे. अशा वेळी प्रभुभोजनाच्या एका प्याल्यापाशी एकत्र येणाऱ्यांनी घरच्या ताटाशीही एकत्र यावे की नाही, हाच खरा प्रश्न होता. लक्ष्मीबाईंनी त्याचे उत्तर व्यासपीठावरून दिले नाही. आपल्या ओसरीवर आणि आपल्या स्वयंपाकघरात दिले.

पुढचा संसार काही सुखाचा म्हणता यावयाचा नाही. टिळकांचा हात सढळ. पैसा आला की गरजवंताच्या हाती जाई. पाहुणा आला की तो घरचाच होई. निराधार मूल दिसले की त्याला घरी आणले जाई. उद्याची चिंता करू नये हे वचन त्यांनी अक्षरशः घेतले होते. परंतु उद्या सकाळी पीठ कोठून आणावयाचे, ही चिंता कोणीतरी करावीच लागते, आणि ती लक्ष्मीबाई करीत. साधुपुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या दानशूरपणाचे वर्णन असते. त्या दानाची किंमत घरातल्या बाईने कशी भरली, हे क्वचितच लिहिलेले असते. ‘स्मृतिचित्रे’त ते लिहिलेले आहे. तेही रडगाणे न गाता, पतीला देवपण न देता आणि स्वतःची बाजू न सजविता. नवराबायकोची भांडणे, रुसवेफुगवे, टिळकांचे तापट मन, स्वतःचा हट्ट, सारे त्यात उघडपणे आले आहे. ख्रिस्ती घर म्हणजे भांडण नसलेले घर, असा भ्रम हे पुस्तक ठेवू देत नाही. भांडण झाल्यावर संध्याकाळी पुन्हा एका पंगतीस बसणारे घर, एवढीच त्याची व्याख्या त्यातून उमगते.

प्लेगच्या छावणीत जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याचा प्रसंग आला, तेव्हाही हीच बाई पुढे झाली. प्लेगच्या गाठीला हात लावणे म्हणजे मरणाला हात लावणे, असे लोक मानीत, आणि त्या भीतीत तथ्य होते. लहानपणी ज्या हातांना विटाळाचे भय शिकविले, ते हात आता रोग्याचे अंग पुसू लागले. कोणत्याही धर्मोपदेशापेक्षा हा बदल अधिक बोलतो. ज्याने महारोग्याला स्पर्श केला त्या गुरूचे अनुयायित्व अखेर स्पर्शातच सिद्ध व्हावयाचे होते.

टिळक मात्र आणखी पुढे जाऊ पाहत होते. तुकारामांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्ताकडे येण्यास पूल बांधून दिला, अशी त्यांची भावना होती. धर्म स्वीकारला तरी परक्याचा पोशाख आणि परक्याच्या चाली का स्वीकाराव्या, हा त्यांचा सवाल होता. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारेच अनुयायी तेथे भाऊ-बहीण म्हणून यावेत, ही कल्पना. ती मूळ धरण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. शाळेचे शिक्षण नाही, मिळकत नाही. मुंबईस मुलींच्या वसतिगृहात त्यांनी देखरेखीचे काम केले. पुढे मुलाबरोबर कराचीसही राहिल्या. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य काही अध्यायांवरच थांबले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले, आणि त्याचा बहुतेक भाग त्यांच्याच लेखणीतून उतरला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. १९३४ पासून भागशः निघालेली ‘स्मृतिचित्रे’ मात्र तोवर सर्व धर्मांच्या मराठी घरांत पोहोचू लागली होती.

पतीने विचारातून आचाराकडे यावे आणि पत्नीने आचारातून विचाराकडे, असे या दोन जीवनांचे निरनिराळे मार्ग होते. एकाला दर्शन आधी झाले. दुसरीने आधी पाणी प्यायले आणि मग दर्शन घडले. यांत थोर कोण, हा वाद निष्फळ आहे. टिळकांच्या ज्योतीवाचून त्या घरात प्रकाश आला नसता, आणि लक्ष्मीबाईंच्या तेलावाचून तो टिकला नसता. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना आगगाडीत अकस्मात सत्य भेटत नाही. आपल्या वाट्याला येतात त्या लक्ष्मीबाईंच्याच परीक्षा: दारी आलेल्याला कोठे बसवावे, कोणाच्या हातचे घ्यावे, रागावलेल्याशी आधी कोणी बोलावे, थोडक्यातले थोडे कसे वाटावे.

अशा परीक्षांचा निकाल जाहीर होत नाही. कोणी त्यावर सनद देत नाही, वर्तमानपत्रात त्याचे वृत्त येत नाही. घरातल्या लहान मुलांना मात्र तो आपोआप कळतो. प्रार्थनेचे शब्द ती मागाहून शिकतात. दारात आलेल्या तहानलेल्याला आईने कोणत्या भांड्यातून पाणी दिले, हे ती आधी पाहतात. धर्म पुढच्या पिढीच्या हाती जातो तो असा, आणि तो कोणत्या नावाचा आहे यापेक्षा ते भांडे कोणते होते, हेच त्या मुलांच्या अधिक काळ लक्षात राहते.