गोपनीय कागद आणि आपला दावा
(शाखा मेळाव्यातील भाषण)



अपघाताचा दावा लागला की व्यवस्थापन म्हणते, "हे कागद गोपनीय आहेत." त्यावर आपण काय म्हणायचे, एवढेच आज बोलतो.

भोपाळ आठवा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्यूटी सोडली नाही. भोपाळकडे गाड्या सोडू नका, असा निरोप त्यांनी शेजारच्या स्टेशनांना दिला. आपले काही रेल्वे बांधव त्या रात्री ड्यूटीवरच गेले.

१९८५ साली भारत सरकारने न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. विरुद्ध पक्षाकडून कागद मागवण्याचा अधिकार तिथे आपल्यापेक्षा मोठा आहे. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी दावा भारतात चालवावा असे ठरवले. पण कंपनीने अमेरिकेच्या नियमांप्रमाणे कागद दाखवावेत, अशी अट घातली. कंपनी अपिलात गेली. एकाच पक्षाला असा अधिकार देता येणार नाही, असे म्हणून जानेवारी १९८७ मध्ये अपील कोर्टाने ती अट काढली. पुढे १४ फेब्रुवारी १९८९ रोजी आपल्या सुप्रीम कोर्टात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या दाव्यात साक्षीपुरावा झालाच नाही. कागद कागदांच्या जागी राहिले.

कंपनीचे कोणतेच गुपित नसावे, असे आम्ही म्हणत नाही. माल बनवण्याची कृती कोर्टाने बंद पाकिटात पाहावी, फक्त वकिलांना दाखवावी. पण वायू कोणता होता, झडप कधी तपासली, तक्रार कोणी दिली होती, हे जखमी माणसापासून लपवायचे गुपित नव्हे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११ खाली कागद हजर करण्यासाठी आणि पाहण्यासाठी अर्ज करता येतो. त्यात "सर्व कागद" असे मोघम लिहू नका. रजिस्टर कोणते, तारीख कोणती, ते लिहा. आमच्या एका दाव्यात "रजिस्टर नाही" असे उत्तर आले. आमच्याकडे तक्रारीची पोच होती, त्यावर रजिस्टरचा नंबर होता. मग रजिस्टर निघाले!

म्हणून गँगमधल्या, शेडमधल्या, टपाल छाननीतल्या बांधवांनो, ऑफिसची फाइल चोरून नेऊ नका, नोकरी जाईल. पण तक्रार लेखी द्या, पोच घ्या, नक्कल शाखेत ठेवा. तडजोडीच्या कागदावर "गोपनीय" शब्द दिसला, तर सही करण्याआधी युनियनला विचारा.

कामगार एकजुटीचा विजय असो!