मी अलिशाची चाहती आहे

(पिपरी मेघे येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आठ मार्चच्या कार्यक्रमात मुलींना त्यांच्या आवडीच्या गाण्यावर नाचू द्यायचे की नाही, यावरून मागच्या बैठकीत आपली बरीच वादावादी झाली. मुलींनी निवडलेले गाणे ऐकून दोन ताई उठून गेल्या. "आपल्या मंचावर असली थेरं नकोत," असे कोणी तरी म्हणाले. मी गप्प बसले. घरी गेल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटली. कारण गेली तीस वर्षे मी अशाच गाण्यांची चाहती आहे आणि ही गोष्ट चळवळीतल्या एकाही बाईला मी सांगितलेली नाही. आज सांगते.

अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' हा अल्बम १९९५ साली आला. त्याची कॅसेट मी वर्ध्याच्या बाजारातून घेतली. पैसे शिकवणीचे होते, घरी सांगितले मैत्रिणीची आहे म्हणून. त्या वर्षी मला पाहायला तीन स्थळे आली होती. पोह्यांच्या ताटल्या, अंगावर वहिनीची साडी, "जरा चालून दाखव बेटा," "केस मोकळे कर," हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. एका मावशींनी तर माझ्या हाताची बोटे उलटसुलट करून पाहिली, भाजीवाल्याकडे भेंडी पाहतात तशी.

आणि शेजारच्या घरी केबलवर हे गाणे लागायचे. त्यात अलिशा राणी आहे. तिच्यापुढे एकामागून एक नटलेले पुरुष येतात आणि तिला कोणी पसंत पडत नाही. शेवटी एका मोठ्या लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण निघतो. हा सोमण पोहण्यातला राष्ट्रीय विजेता, तेव्हाचा नावाजलेला मॉडेल. कॅमेरा त्याचे रूप न्याहाळतो आणि बाई निवांत बसून पाहते. बायांनो, मुलगा पाहण्याचा कार्यक्रम मी जन्मात पहिल्यांदा पाहिला तो त्या गाण्यात! त्याला कोणी चालून दाखव म्हटले नाही एवढेच. मी शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहून पोट धरून हसले. तिसऱ्या स्थळाला मी नकार दिला, तो या गाण्यामुळे दिला असे म्हणणार नाही. मुलगाच तसा होता. पण नाही म्हणताना माझा आवाज कापला नाही, याचे थोडे श्रेय त्या कॅसेटला देते.

दुसरी गोष्ट आवाजाची. सिनेमात गाणारी बाई पडद्यामागे असते. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'मध्ये किशोरकुमारबरोबर अलिशाच गायली होती, पण आपल्यासाठी ते गाणे श्रीदेवीचे, निळ्या साडीचे. या अल्बमवर मात्र चेहराही तिचाच, नावही तिचेच. आवाज काही साजूक नाही. थोडा नाकातला, खट्याळ, हवे तिथे ओढून घेणारा. चांगल्या घरच्या नायिकेला एक आवाज आणि क्लबमध्ये नाचणाऱ्या बाईला दुसरा, अशी वाटणी सिनेमाने वर्षानुवर्षे केली होती. दुसऱ्या वाटणीतला तो आवाज स्वतःच्या नावाने पुढे येऊन उभा राहिला, हे मला फार आवडले.

चाहती असले तरी आंधळी नाही. संगीत बिड्डूचे. बंगलोरचा हा माणूस विलायतेत जाऊन नावारूपाला आला आणि नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' त्यानेच १९८१ साली केला होता. त्याचा ठेका एकदा पायात शिरला की निघत नाही, हे खरे. पण चार गाणी ऐकली की सगळी एकाच यंत्रातून कापून काढल्यासारखी वाटतात. 'मेड इन इंडिया' हे गाणे आधी नाझियाकडेच गेले होते आणि पाकिस्तानच्या मुलीने हे कसे म्हणायचे म्हणून तिने नाकारले, असे सांगतात. म्हणजे देशप्रेमही मापाने शिवून ठेवलेले, ज्याला बसेल त्याने घालावे! आणि त्या खोक्यावरच्या स्वदेशीचे तर काय सांगू. आपण राहतो तिथून सेवाग्राम सायकलच्या अंतरावर आहे. वर्ध्यात १९३८ पासून मगन संग्रहालय उभे आहे. आपल्याकडे स्वदेशी म्हणजे कापूस, चरखा आणि सूत काढणाऱ्या बाईची मजुरी. तिथे स्वदेशी म्हणजे एक देखणा पुरुष आणि राजवाडा. दासदासींना त्यात काय मिळाले, हे गाणे विचारत नाही. १९९१ नंतर बाजार उघडला आणि त्याने देशाचे नावही विकायला काढले, ही टीका आपण तेव्हा केली, ती बरोबरच होती.

पण टीका करताना गाणारी बाई आपल्या नजरेतून सुटली. त्याच काळात अलिशाने एका बड्या संगीतकाराने छेडछाड केल्याची जाहीर तक्रार केली, ती कोर्टात गेली. त्याने आरोप नाकारला. विशाखा निकाल यायचा होता, तो १९९७ चा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा कायदा तर २०१३ चा. पुढे २००३ च्या सुमाराला ती पुन्हा त्याच माणसाच्या संगीतात गायली. तेव्हा लोक म्हणाले, बघा, तक्रार खोटीच होती. आपल्यापैकी जिने शेतमालकाविरुद्ध तोंड उघडून पुढच्या हंगामात त्याच्याच वावरात कापूस वेचला आहे, तिला याचे उत्तर ठाऊक आहे. २०१८ मध्ये अनेक बायका बोलू लागल्या, तेव्हा अलिशाने आपला त्यांना पाठिंबा असल्याचे सांगितले. १९९६ साली बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध आपण आपल्या गटात ठराव केला होता. मीही हात वर केला होता. अलिशासाठी मात्र एक पोस्टकार्डही टाकले नाही. ती आपल्यातली वाटलीच नाही. तंग कपडे घालून नाचणारी बाई तक्रार करते म्हणजे काय, असे आपल्याही मनात कुठे तरी होते. निदान माझ्या होते. चाहती असूनही होते.

आता 'कजरा रे'चे बोलते, कारण मुलींनी निवडलेले गाणे तेच आहे. ते २००५ च्या मे महिन्यात आले. पडद्यावर ऐश्वर्या, आवाज अलिशाचा. पुन्हा पडद्यामागे गेलेली अलिशा. या गाण्याबद्दल तिला फिल्मफेअर मिळाले, पण मोबदला म्हणून आपल्याला पंधरा हजार रुपये देऊ केले आणि आपण ते घेतले नाहीत, असे तिनेच सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली. बारमध्ये अशाच गाण्यांवर नाचून पोट भरणाऱ्या हजारो बाया घरी बसल्या. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र त्या कायद्यात सूट होती! नाच तोच, पण गालिचा महाग असला की अश्लीलता उरत नाही. २००६ साली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तेव्हा महिला संघटनांत दोन तट पडले होते. जातीने लादलेला नाच हा व्यवसाय कसा म्हणायचा, हा दलित स्त्रीवादी मैत्रिणींचा प्रश्न खोटा नव्हता. रोजी गेल्यावर त्या बाईने खायचे काय, हाही खोटा नव्हता. आपण वर्ध्याच्या बाया, दारूबंदीसाठी भांडलेल्या. बार हा शब्द आला की आपले मत तयार असते. त्यात नाचणारीचे मत आपण विचारले नाही.

मुलींच्या बाबतीतही आपण तेच करतो आहोत. आपण लहानपणी भुलाबाईपुढे टिपऱ्या घेऊन महिनाभर गाणी म्हटली. त्यातल्या सासू, नणंदा, सुनेचा छळ यांवर कोणी ठराव केला नाही. या मुलींना अंगण राहिले नाही. गणपतीत आणि वरातीत डीजेपुढची जागा पोरांची. लग्नात हळदीला नाचायचे म्हटले तरी कोण मोबाइलवर चित्रण करतो आहे हे आधी पाहावे लागते. भीती न बाळगता नाचता येईल अशी जागा त्या आपल्याकडे मागत आहेत. उठून गेलेल्या ताईंना मी नावे ठेवत नाही. गाण्यातली बाई कोणासाठी नाचते, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. तो मुलींसमोर बसून विचारू या, त्यांच्यामागे नको.

म्हणून माझी सूचना अशी. गाणे मुलींनी निवडावे, कपडेही त्यांनीच ठरवावेत. चित्रण कोणी करायचे नाही, हे दारावर लिहून लावू. नाच झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी त्याच गाण्यावर बोलायचे. कोण पाहते, कोणाला दाखवते, पैसे कोणाला मिळाले, सगळे काढायचे. आणि मुलींनी आपल्याला विचारले की तुम्ही कोणत्या गाण्यावर नाचत होता, तर खरे सांगायचे.

माझी कॅसेट अजून आहे. फीत दोनदा तुटली, ती चिकटवली आहे. पहिल्या बाजूचे दुसरे गाणे मध्येच लडबडते. टेपरेकॉर्डर कोणाकडे चालू असेल तर पुढच्या वेळी घेऊन या.