रोपवाटिकेबाहेरचे भांडवल



ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,७६५.६७ कोटी रुपयांच्या स्वच्छ रोप कार्यक्रमास मंजुरी दिली. रोगमुक्त लागवड साहित्य व प्रमाणीकरण यांवर त्यात भर आहे आणि तो योग्यच आहे. तथापि, रोपवाटिकेच्या ताळेबंदात कधीच न दिसणारे आणखी एक भांडवल असते. कोणते झाड कोणत्या उतारावर, कसल्या मातीत, कोणत्या हवेत वाढते, याचे रानात जाऊन मिळवलेले ज्ञान, हे ते भांडवल होय. ते मिळवण्यास काय मोल पडते, हे इंग्लंडमधील जॉन गूल्ड व्हीच यांच्या अल्प आयुष्यावरून कळते.

व्हीच यांचा जन्म १८३९ चा, एक्सेटरचा. रोपवाटिका पणजोबांनी उभारलेली; १८५३ मध्ये घराण्याने लंडनच्या चेल्सी भागातील मोठी रोपवाटिकाही विकत घेतली. नव्या वनस्पती आणण्यासाठी हे घराणे पगारी संग्राहक पाठवीत असे. आपल्या खासी टेकड्यांतील निळे वँडा ऑर्किड इंग्लंडला नेणारे थॉमस लॉब हे त्यांपैकीच एक. चौथ्या पिढीतील जॉन यांना पेढीवर बसून हिशेब पाहणे सहज शक्य होते. त्यांनी मात्र एकविसाव्या वर्षी, १८६० मध्ये, स्वतःच जपानची वाट धरली.

जपान तेव्हा परकीयांना नुकताच खुला होत होता आणि बंदरांपासून ठरावीक अंतरापलीकडे जाण्यास त्यांना मनाई होती. सप्टेंबर १८६० मध्ये ब्रिटिश राजदूत रदरफर्ड ऑल्कॉक फुजी पर्वतावर चढले, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून व्हीच त्या तुकडीत सामील झाले. त्या डोंगरावर त्यांनी टिपलेल्या देवदारसदृश वृक्षाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. रोपे काचेच्या बंद पेट्यांतून जहाजाने जात. आतील बाष्पाचे काचेवर पाणी होऊन ते पुन्हा मातीत मुरत असल्याने महिनोन्‌महिने पाणी घालावे लागत नसे. हे साधे तंत्र नसते, तर हा व्यापार इतका फोफावलाच नसता.

१८६४ ते १८६६ या काळात ते ऑस्ट्रेलिया व दक्षिण समुद्रातील बेटांवर हिंडले. आपल्याकडे अंगणात व सरकारी कचेऱ्यांच्या आवारात हमखास आढळणाऱ्या क्रोटनचे कित्येक रंगीत प्रकार त्यांनी या प्रवासात मिळवले. येथे अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. यांतील सर्वच रोपे काही रानटी नव्हती. जपानमधून युरोपात गेलेली अनेक झाडे तेथील माळ्यांच्या रोपवाटिकांतून घेतलेली होती. बेटांवरील लोकांनीही क्रोटन वस्त्यांभोवती पिढ्यान्‌पिढ्या जोपासले होते. निवड त्यांची, निगा त्यांची. त्यांना मिळाली ती फार तर एका रोपाची एकदाची किंमत; त्यापासून पुढे झालेल्या हजारो रोपांच्या विक्रीत त्यांचा वाटा शून्य! असा वाटा देण्याची तरतूद आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने केली. तिची अंमलबजावणी गावपातळीवर कितपत पोहोचली, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

व्हीच यांनाही हिशेब चुकता करावा लागलाच. परतल्यावर प्रकृती ढासळली आणि ऑगस्ट १८७० मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. वडील आदल्याच वर्षी गेले होते. मागे पत्नी व दोन लहान मुलगे राहिले. चेल्सीचा कारभार धाकटे बंधू हॅरी यांच्याकडे आला आणि त्यांनी तो चोख सांभाळला. थोरला मुलगा जेम्स हर्बर्ट मोठेपणी वडिलांप्रमाणेच दूरदेशी हिंडला. घराण्याने आणलेल्या वनस्पतींची जंत्री त्याने १९०६ मध्ये ग्रंथरूपाने सिद्ध केली. पुढच्याच वर्षी तोही वारला. हॅरी निपुत्रिक होते. चालवणारे कोणी उरले नाही, म्हणून १९१४ मध्ये त्यांनी चेल्सीची रोपवाटिका बंद केली. एक्सेटरची शाखा मात्र घराण्यातील एका कन्येने १९६९ पर्यंत चालवली.